लुगडं खाणारी बकरी आणि आमचा गाण्याचा अंक

मी पुस्तकांची पानं लावते. म्हणजे अक्षर केवढं ठेवायचं, चित्र कुठं बसवायचं, कडेला जागा किती सोडायची, असलं काम. कोणी विचारलं की हे कुठं शिकलात, तर मी सांगते, अमरावतीला, गाण्याच्या वर्गात. लोकांना वाटतं मी थट्टा करते. थट्टा कायची बाप्पा! मला गाता येत नव्हतं, म्हणूनच तर हे शिकले.

घर आमचं अकोल्याचं. बारावी झाल्यावर मी अमरावतीला होस्टेलवर राहून बी.ए.ला बसले आणि मोठ्या हौसेनं संगीत विषय घेतला. घरी रेडिओसोबत गायचे तेव्हा आई म्हणायची, काय गोड गळा आहे माझ्या पोरीचा. आईच ती, दुसरं काय म्हणणार? कॉलेजातल्या मॅडमनी मात्र बरेच दिवस माझा सा ऐकून घेतला आणि एक दिवस पेटीचा भाता बंद करून म्हणाल्या, "हे बघ, राग मानू नको. सूर तुझ्या कानाला कळतो, गळ्याला कळत नाही. पण तुझी वही मी पाहिली. इतकी नीटनेटकी, देखणी वही मी आजवर कोणाची पाहिली नाही."

राग मला आलाच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आजही. पण मॅडमवर तो टिकायचा नाही. त्या रोज परतवाड्याहून एसटीनं यायच्या, डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा असायचा आणि त्यातली अर्धी भाकर आम्हा होस्टेलच्या मुलींच्या पोटात जायची. एरवी अगदी शुद्ध बोलायच्या. संतापल्या की मात्र परतवाडा बाहेर यायचं. "काय वं बैताडे, ताल कुठी गेला तुहा? एसटीत राह्यला का?" आम्ही पोरी मुद्दाम चुकायचो, ते ऐकायला.

मॅडम होत्या तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवतील तेवढ्याचे पैसे, सुटीत काही नाही आणि दर जूनमध्ये नवीन ऑर्डर यायची वाट पाहायची. मी दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की पुढच्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला ठरलेल्या संख्येइतक्या मुली आल्या नाहीत तर संगीत विषय बंद. त्यांचंही काही चुकत नव्हतं. वर्ग निम्मा रिकामाच असायचा. वऱ्हाडातले ते दिवसच तसे होते. कापसानं लोकांना पार जेरीस आणलं होतं, पेपर उघडायची भीती वाटायची. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पोरीला डी.एड. करू, मास्तरीण तरी होईल. गाणं शिकून काय दिवे लावणार?

"विषय बंद झाला तर तुम्ही काय कराल?" मी विचारलं.

"जाईन नागपूरला, भावाकडे," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कुठं जाणार? फक्त भावजयीच्या घरात तंबोरा कुठं ठेवायचा, तेवढं सुचत नाही."

हे त्या हसत म्हणाल्या. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. ही बाई उठून गेली तर माझं कसं होईल, असंच मला वाटलं, खोटं कशाला सांगू.

अंकाची कल्पना मॅडमचीच. गाण्याचा एक छोटा अंक काढायचा, त्यात लेख, स्वरलिपी, बी.ए.ला संगीत घेता येतं याची माहिती, आणि तो गावागावांत पाठवायचा. गावातल्या पोरींना हा विषय असतो हेच माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. पानं लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती देखणी वही.

छापायला आम्ही अकोल्याला दिलं. माझ्या बाबांच्या एका जुन्या मित्राचा तिथं छापखाना होता. लहानपणापासून मी त्यांना चाचा म्हणते. चाचा लग्नाच्या पत्रिका छापायचे, मराठी, हिंदी, उर्दू, जी म्हणाल ती. त्यांनी खास माझ्यासाठी ठेवणीतली सोनेरी शाई काढली. "बेटा, तुह्या अंकाले असा नटवतो का पाहणारा पाहतच राहीन." मुखपृष्ठावर लालभडक रंगात सरस्वती, चारी बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, आत अक्षर बारीक आणि भाषा अशी की माझी मलाच कळेना. मला तो अंक इतका सुंदर वाटला, की मी तो उशाशी घेऊन झोपले. भातकुलीकडच्या गावांत, परतवाड्याच्या बाजारात, बार्शीटाकळीला माझ्या मावशीकडे, जमेल तिथं आम्ही तो पाठवला आणि वाट पाहत बसलो. कोणाचं काही नाही. ना निरोप, ना चौकशी.

शेवटी मीच भातकुलीजवळच्या एका गावी गेले. वर्गातल्या माझ्या मैत्रिणीचं गाव ते. तिची आई तिथल्या बायांच्या भजनी मंडळात पुढं म्हणायची, म्हणजे ती ओळ म्हणणार आणि बाकीच्या तिच्या मागं म्हणणार. मीही तिला मावशीच म्हणायचे. घरात शिरले, चहा झाला, मी इकडं तिकडं पाहिलं, अंक कुठं दिसेना.

"मावशी, आमचा अंक भेटला ना?"

"भेटला ना वं माय. काय सुंदर हाय! थो पाह्य."

अंक देवघरात होता. सरस्वतीला हळद-कुंकू लागलेलं, वर झेंडूचं फूल. मावशींनी तो एकदाही उघडला नव्हता. शेजारच्या घरी तर त्याहून कहर. त्यांना वाटलं पत्रिका आहे. त्या घरातली म्हातारी मलाच विचारते, "लगन कोनाचं हाय पोरी? लय मोठ्या घरचं दिसते." मी कपाळाला हात लावला. होस्टेलवर परतून मी त्या अंकाकडं नीट पाहिलं तेव्हा कुठं डोळ्यांवरची झापडं गेली. उघडून वाचावा असं त्यात काही नव्हतंच. पाया पडावं असंच होतं सगळं.

त्या दुपारी मात्र मी तिथंच बसून राहिले. मंडळाच्या बाया ओसरीवर सतरंजी टाकून जमल्या. देवघरातला अंक काढून मावशींनी एका अभंगाचं पान उघडलं आणि मधोमध ठेवलं. बाया दोन रांगांत समोरासमोर बसतात. अलीकडच्या रांगेला पान सरळ दिसायचं. पलीकडच्या रांगेतल्या बाया माना वाकड्या करकरून वाचू पाहत होत्या. एक आजी तर वैतागून म्हणाली, "मले तं सारं उलटंच दिसून राह्यलं, आता मी का डोक्यावर उभी राहू?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी त्या पानाकडं आणि त्या दोन रांगांकडं पाहत होते. वाचणारं माणूस कुठं बसतं, हे मी तोवर कधी मनातच आणलं नव्हतं.

तेवढ्यात मैत्रिणीचे काका बाहेरून आले. अंक हातात घेतला, चाळला आणि मला म्हणाले, "पोरी, इथं लोकं मरून राह्यले अन् तुमी गाणे छापून राह्यले?"

 मी जीभ चावली, नाहीतर काहीतरी तोंडातून निघालं असतं. उत्तर मावशींनी दिलं.

"मरून राह्यले म्हनूनच आमी गाऊन राह्यलो ना भाऊजी. यंदा आमच्या मंडळाले सुटी भेटली का? ह्या घरचं सरलं का त्या घरी."

त्या गावात रीत होती, की कोणाच्या घरी माणूस गेलं, की तेरवीपर्यंत मंडळानं रोज त्या घरी जाऊन भजन म्हणायचं. घरातल्या बाया एकट्या पडू नयेत म्हणून. त्या वर्षी मंडळ एका घरून दुसऱ्या घरी नुसतं जात राहिलं होतं. काका आत गेले. मग मावशी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरी, एक सांगू? मौतीचे गाणे म्हनू म्हनू आमचा गळा तसाच होऊन गेला. अभंग आमाले बम येतात. हासाले येईन असं काही असन तं छाप."

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, देवघर, पत्रिका, दोन रांगा आणि मावशींचं बोलणं. मॅडम कितीतरी वेळ तंबोऱ्याची खुंटी उगाच पिळत राहिल्या. दोन दिवसांनी वर्गावर आल्या त्या लाजत आल्या. पर्समधून एक कागद काढून माझ्या हातात कोंबला. "हे घे. मीच लिहिलंय. चाल पण मीच लावली. कोणाला सांगू नको, मी शास्त्रीय शिकवते."

गाणं बकरीचं होतं.

दोरीवरती वायत घातलं, सासूबाईचं लुगडं,
बकरीनं खाल्लं पदरापासून, दार राह्यलं उघडं.
सून म्हने मी दयत होती, मले कायचं ठावं,
बकरी म्हने काठ खारट, मंधातलंच खावं!

सून दळत बसलेली, लुगडं वाळत घातलेलं आणि बकरी मोकाट. पुढं सासू बकरीला न्याय मागायला पाटलाकडं नेते आणि ती पाटलाचा फेटा खाते, असं वाढतच जायचं. दर कडव्यात मागं म्हणणाऱ्या रांगेला बकरीचं बोलणं होतं. आम्ही पोरी वर्गात लोळायच्या बाकी होतो. ज्या बाईनं आम्हाला यमन शिकवताना घाम फोडला, तिच्या पोटात ही बकरी कुठं बसली होती कोण जाणे!

दुसरा अंक मी पहिल्या पानापासून नव्यानं मांडला. बसस्टँडजवळच्या एका संगणकाच्या दुकानात मी आधी नुसती शेजारी बसायचे. मग चालवणाऱ्या दादांनी कंटाळून माऊसच माझ्या हातात दिला. लोडशेडिंग इतकं, की पान जुळत आलं की लाईट गेलीच समजा, आणि सोबत पानही गेलं. एकदा अख्खी दुपार अशी गेली तेव्हा मी दुकानातच ढसाढसा रडले. त्यानंतर दर ओळीला काम साठवून ठेवायची जी सवय लागली, ती आजही आहे. नवरा हसतो, म्हणतो, तुझ्या घरी इन्व्हर्टर आहे आता. असेना का.

सगळ्यात अवघड काय झालं असेल, तर मॅडमचा लेख कापणं. लेख दोन पानांत मावेना. मी अक्षर बारीक करून पाहिलं, पण मला ती मान वाकडी करणारी आजी दिसायची. शेवटी मॅडमसमोर जाऊन सांगितलं, निम्मा काढावा लागेल.

"निम्मा? काप बाई, काप. माहा गळाच कापून टाक ना!"

"गळा नका देऊ मॅडम, तोच तर विकायचाय आपल्याला."

मॅडम रुसून बसल्या. मधल्या सुटीत स्वतःच लाल पेन घेऊन आल्या आणि आम्ही दोघी भाकरी खात खात एकेक वाक्य काढत गेलो. काढलेलं कोणाला आठवलंसुद्धा नाही नंतर. आपल्याहून मोठ्या माणसाला, त्याचा मान ठेवून, हे चालणार नाही म्हणून सांगायचं, हे मी त्या दुपारी शिकले. माझ्यासारख्या तोंडाळ पोरीला ते सोपं नव्हतं.

मुखपृष्ठावर सरस्वती नको, हे ठरलं होतं. मी उसना कॅमेरा घेऊन मावशींच्या गावी गेले. बाया पदर घेऊन अशा ताठ बसल्या, जशा काही रेशनकार्डाचा फोटो काढायचाय. मी कॅमेरा खाली ठेवला आणि बकरीचं गाणं म्हणून दाखवलं, माझ्या त्या भयंकर गळ्यानं. गाण्याला हसल्या का मला, देव जाणे, पण हसता हसता मावशींनी शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला आणि तोच फोटो मी घेतला. मुखपृष्ठ तेच.

आणि बकरीसाठी मी एक खास पान केलं. सुटं, मोठं, मागून कोरं, घडी घालून अंकात ठेवायचं. त्यावर गाणं दोनदा छापायचं. खालच्या अर्ध्या भागात सरळ आणि वरच्या अर्ध्या भागात तेच गाणं उलटं. पान सतरंजीवर मधोमध ठेवलं, की दोन्ही रांगांना आपापलं गाणं सरळ दिसणार. कोणाची मान वाकडी व्हायला नको. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी होस्टेलच्या जिन्यावरून उड्या मारत खाली आले. सगळं छापखान्याला लागतं तसं बटर पेपरवर काढून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून, एसटीनं अकोल्याला नेऊन चाचांच्या हवाली केलं आणि परीक्षेसाठी परत आले.

परीक्षा संपवून अंक घ्यायला गेले तर चाचा दारातच उभे. चेहरा असा खुललेला! "आ बेटा, आ. पाह्य कसा झाला. अन् तुही एक मोठी गलती मीनं वाचवली."

"कोणती गलती?"

"ते मोठं पान. आधं उलटं लागलं होतं तुह्याकडून. पोट्टी थकली असन म्हटलं. मीनं तुहा कागद कापून ते आधं सीधं करून घेतलं. आपल्या कारखान्यातून उलटी चीज कधी गेली नाही. पत्रिकेत गणपती उलटा गेला, तर लग्नघरवाले जीव घेतीन माहा."

मी पान उघडलं. गाणं खाली सरळ. गाणं वर सरळ. एकाखाली एक, दोनदा, अगदी शिस्तीत. सगळीच्या सगळी पानं छापून, गठ्ठे बांधून तयार. पुन्हा छापायला कागद नव्हता आणि प्रवेश तोंडावर आलेले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता!  चाचांना बोलू तरी काय, त्यांनी मायेनंच केलेलं. मी ते पान दोन्ही हातांत धरलं आणि टर्रकन मधोमध फाडलं.

चाचांचा चेहरा पाहवेना. मशीनवरची माणसं काम थांबवून पाहायला लागली. मी अजून फाडणार होते. पण हातांकडं लक्ष गेलं. उजव्या हातात बकरीचं अख्खं गाणं होतं. डाव्या हातातही बकरीचं अख्खं गाणं होतं.

"चाचा," मी म्हटलं, "तुमची कटिंग मशीन चालू आहे का?"

एका रांगेला एक, दुसऱ्या रांगेला एक. इतकं सोपं होतं ते, आणि मी आठवडाभर उलट-सुलट डोकं खपवलं होतं! चाचांनी स्वतः गठ्ठे लावून पानं मधोमध कापली. काय झालं ते त्यांना मी चहा पिताना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे गलती माही होती?" मी म्हटलं, "होती चाचा, पण अशीच करत जा." घरून चाचींनी खिचडी पाठवली होती. त्या दिवशी छापखान्यात सगळ्यांनी मिळून बकरीचं गाणं वाचलं आणि चाचा बकरीचा भाग मोठ्या ऐटीत म्हणत होते.

या चुकीनं आमचं जे भलं केलं, ते माझ्या हुशारीनं झालं नसतं. मोठं पान सतरंजीवरच राहिलं असतं. आता सुटी दोन पानं झाली. एक मंडळात राहायचं आणि दुसरं कोणीतरी घरी न्यायचं. मग ते माहेरी जायचं, विहिणीकडं जायचं, परतवाड्याच्या जीपमध्ये कोणाच्या तरी पिशवीत जायचं. दोन्ही गाण्यांच्या तळाशी मी कॉलेजचा पत्ता आणि बारावीनंतर गाणं शिकता येतं एवढं ठळक टाकलं होतं. मे महिन्यात मॅडम एसटीत बसल्या असताना मागच्या सीटवर दोन बाया बकरीचं गाणं म्हणत होत्या. मॅडमनी विचारलं, हे कुठलं गाणं? त्या म्हणाल्या, "हे आमच्या गावचंच हाय, जुनं." आणि मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. कॉलेजच्या व्हरांड्यात संगीताचं टेबल लावून मी आणि मॅडम बसायचो. मुली यायला लागल्या. भातकुलीकडच्या आल्या, परतवाड्याच्या आल्या, मैत्रिणीच्या गावातून दोघी आल्या. आम्ही मनातल्या मनात मोजायचो आणि एकमेकींना सांगायचो नाही. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत फक्त एक मुलगी कमी होती. प्राचार्य जाता जाता थांबले. "मॅडम, पाच वाजता मला यादी द्या. नाही भरली, तर नोटीस लावावी लागेल. माझाही नाइलाज आहे."

मॅडम म्हणाल्या, "हो सर." पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

चार वाजून गेल्यावर एक बाई आणि तिची मुलगी व्हरांड्यात आल्या. परतवाड्याच्या रस्त्यावरचं त्यांचं गाव, जिथं आम्ही अंक पाठवलाच नव्हता. बाईच्या हातात बकरीचं पान, घड्या घालघालून मऊ पडलेलं.  मी खुर्ची पुढं केली, पेन पुढं केलं.

"गान्याच्या बाई तुमीच का?" बाईनं विचारलं. "हिचं नाव लिहा."

मी लिहायला लागले. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मुलीला विचारलं, "तुला आवडतं का गाणं?"

मुलगी खाली पाहत राहिली.

"खरं सांग. रागावणार नाही मी."

"नाही," मुलगी म्हणाली. "मले भूगोल पाहिजे. मले बी.एड. कराचं हाय."

"मग भूगोलच घे," मॅडम म्हणाल्या. "ते टेबल तिकडं आहे."

मला वाटलं, टेबल उलथं करावं. या बाईला काही अक्कल? दाराशी आलेली पोरगी परत पाठवते! पाच वाजायला आलेत, नागपूरची बॅग भरायची वेळ आली, आणि हिला खरं-खोटं सुचून राहिलं! मी मॅडमकडं असं पाहिलं की बस. मॅडम माझ्याकडं पाहतच नव्हत्या. त्या मुलीच्या आईकडं पाहत होत्या. मुलगी वळली होती, आई मात्र हलली नव्हती.

"आणि तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. "तुम्हाला आवडतं?"

"मले?" बाई हसली. "माह्यं काय वं बाई. मी मंडळात मागं म्हनतो. पुढं कधी म्हटलं नाही."

"बारावी झाली का?"

"लग्नाच्या आधी झाली. पास झालो होतो मी."

"वयाची अट नाही," मॅडम म्हणाल्या.

 बाईनं हातातल्या पानाची आणखी एक घडी घातली, मग ती उलगडली. शेजारच्या टेबलावरचे ऑफिसचे बाबूजी मान वर करून म्हणाले, "मॅडम, गॅप सर्टिफिकेट लागेल हो. केवढा मोठा गॅप आहे!" मी त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांनी मान खाली घातली.

"बसलो असतो मी," बाई हळूच म्हणाली. आणि डोळे भरून आले तिचे. "पन घरी काय सांगू? पोरगी शिकाले जाते अन् मायबी शिकाले जाते म्हटलं, तं लोकं हासतीन. हिचा बाप तं ऐकनारच नाही."

   तेवढ्यात भूगोलाच्या टेबलाकडं निघालेली ती मुलगी परत आली. आल्यापासून तिनं मान वर केली नव्हती, आता आईकडं सरळ पाहून म्हणाली, "आई, बाबाले सांगू, मले बसमंधी एकटीले भेव लागते. तू रोज संगं ये."

 आईनं माझ्या हातातलं पेन घेतलं.

यादी पाचच्या आत गेली. मॅडमची ऑर्डर त्या वर्षी आली आणि तंबोरा अमरावतीतच राहिला. पुढच्या जूनला पुन्हा तेच होणार होतं, पण त्या संध्याकाळी मला त्याची फिकीर नव्हती. त्या दोघींना बसस्टँडपर्यंत सोडायला मी गेले.  बसमध्ये चढताना बाई माझा हात घट्ट धरून कानाशी म्हणाली, "भेव कायचं वं तिले? पाचवीपासून एकटीच जाते थे बसनं."